काचेच्या पेटीतला समुद्रघोडा

मान घोड्याची, शेपूट माकडाची, पोटाला कांगारूची पिशवी आणि अंगावर योद्ध्याचे चिलखत, असा एखादा प्राणी चित्रकाराने रंगविला असता तर त्याच्या कल्पनाशक्तीचे कौतुक करून आपण ते चित्र बाजूला ठेवले असते. समुद्रघोडा हा असा प्राणी प्रत्यक्षात आहे. प्राचीन ग्रीकांनी घोडा आणि समुद्रातील राक्षस ह्या दोन शब्दांचा समास करून जे नाव घडविले, तेच ‘हिप्पोकॅम्पस’ हे नाव शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला दिले. ह्या प्रजातीत आज चाळीसहून अधिक जाती गणल्या जातात. रूप असे विलक्षण असले तरी समुद्रघोडा हा मासाच आहे. त्याला पाठीचा कणा आहे, तो कल्ल्यांनी श्वास घेतो आणि परांच्या साहाय्याने पोहतो.

असा प्राणी आपल्या बैठकीच्या खोलीत, एखाद्या छोट्या काचेच्या पेटीत असावा, असे पुष्कळांना वाटते. प्राणी लहान, स्वभावाने शांत, धावपळ न करणारा. मग पेटीही लहान चालेल आणि श्रमही थोडेच पडतील, अशी ह्या इच्छेमागची विचारसरणी असते. ही विचारसरणी कितपत खरी आहे, हे आज आपण पाहू. आपल्या देशात समुद्रघोडा पाळण्यास कायद्याने मनाई आहे, हे प्रारंभीच सांगून ठेवतो. तरीही तो पाळावयाचा म्हटले तर काय काय करावे लागते, हे समजून घेण्यासारखे आहे; कारण त्यातूनच त्या प्राण्याची खरी ओळख होते आणि त्या मनाईचे मर्मही कळते.

छोट्या पेटीच्या दृष्टीने सर्वांत सोयीची मानली गेलेली जात म्हणजे अमेरिकेतील ठेंगू समुद्रघोडा. फ्लॉरिडाचा किनारा, मेक्सिकोचे आखात आणि बहामा बेटे येथील उथळ पाण्यात, समुद्रगवताच्या कुरणांत तो राहतो. ‘झोस्टेरा’ हे एका समुद्रगवताचे नाव. त्यावरून ह्या जातीला ‘हिप्पोकॅम्पस झोस्टेरी’ असे नाव मिळाले. पूर्ण वाढ झालेला प्राणी जेमतेम दोन ते अडीच सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या पेराएवढा. त्याचे आयुष्यही साधारण एक ते दोन वर्षांचेच. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत मुलांच्या चित्रकथांच्या मासिकांतून ह्या प्राण्याच्या जाहिराती येत असत. पैसे पाठवावेत आणि टपालाने जिवंत समुद्रघोड्यांची जोडी घरी यावी, अशी ती योजना होती. मुले आतुरतेने डबा उघडीत, प्राणी काचेच्या बरणीत सोडीत. आणि बहुतेक बरण्यांतील प्राणी लवकरच मरून जात. ह्यात मुलांच्या प्रेमात उणीव नव्हती. उणीव होती ती त्या बरणीला समुद्र बनविण्यासाठी लागणाऱ्या ज्ञानाची.

ते ज्ञान कोणते, हे समुद्रघोड्याच्या शरीररचनेकडे पाहिल्यावर हळूहळू उलगडते. इतर मासे शेपटीच्या फटक्याने पाणी मागे सारून पुढे जातात. समुद्रघोड्याला शेपटीचा पर नाही. तो उभ्याने पोहतो आणि त्याची सारी भिस्त पाठीवरच्या एका चिमुकल्या परावर असते. हा पर सेकंदाला सुमारे ३५ वेळा हलतो, तरी प्राणी मात्र पुढे सरकतो तो गोगलगायीच्या चालीने. म्हणून प्रवाहाशी झुंजण्यापेक्षा कशाला तरी धरून राहणे त्याला अधिक मानवते. त्याची शेपूट गवताच्या पात्याभोवती वेढे घेते आणि तो तासन् तास एका जागी स्थिर राहतो. पेटीत त्याला असे आधार द्यावे लागतात: समुद्रशैवाल, समुद्रगवत किंवा त्यांच्यासारख्या कृत्रिम वनस्पती. आधार नसेल तर त्याची शेपूट दुसऱ्या समुद्रघोड्याच्या मानेला विळखा घालते.

त्याची शिकार करण्याची पद्धतही ह्या स्थिरतेला साजेशीच आहे. डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरत असल्याने तो मान न हलवता चौफेर पाहू शकतो. तोंड म्हणजे एक नळी. तीत दात नाहीत. सूक्ष्म जीव टप्प्यात आला की मान झटक्याने उचलली जाते आणि नळीतून पाण्यासह भक्ष्य आत ओढले जाते. ह्याच ठेंगू जातीवर झालेले एक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की, त्याच्या डोक्याच्या विशिष्ट आकारामुळे नळीच्या टोकापुढचे पाणी जवळजवळ ढवळले जात नाही. त्यामुळे अत्यंत सावध अशा सूक्ष्म कवचधारी जीवांनाही शिकाऱ्याची चाहूल लागत नाही. शेवटची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पडते आणि शांत पाण्यात दहापैकी नऊ वेळा ती यशस्वी होते. समुद्रातील हा आळशी दिसणारा प्राणी अशा रीतीने अत्यंत निष्णात शिकारी ठरतो.

पण ‘शांत पाण्यात’ ही अट विसरून चालणार नाही. पेटीतल्या पाण्यात प्राणवायू मिसळावा आणि घाण गाळली जावी म्हणून पंप आणि गाळणी बसवावी लागते. पंप जोराचा असेल तर समुद्रघोड्याला भक्ष्य टिपता येत नाही. तो मंद असेल तर पाणी साचते आणि नासते. शिवाय गाळणीच्या तोंडाशी ओढ असल्यास अशक्त प्राणी आणि पिले तिच्याकडे खेचली जातात. म्हणून त्या तोंडाला स्पंजाचे आवरण द्यावे लागते. प्रवाह हवा, पण तो समुद्रगवताच्या कुरणात असतो तितकाच हवा. हा तोल साधणे ही समुद्रघोडा पाळणाराची पहिली परीक्षा होय.

दुसरी परीक्षा पाण्याची. पुष्कळांची अशी समजूत असते की, नळाच्या पाण्यात स्वयंपाकघरातले मीठ टाकले की समुद्र तयार होतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वजनाच्या हिशेबाने त्यांत सोडियम आणि क्लोरीन मिळून सुमारे ८५ टक्के होतात. उरलेल्यात गंधकाचे क्षार, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी द्रव्ये येतात. जिवाला ह्या उरलेल्यांचीही तितकीच गरज असते. म्हणून समुद्रक्षारांचे तयार मिश्रण क्लोरीनमुक्त गोड पाण्यात विरघळवून त्याचे विशिष्ट गुरुत्व मोजून पाहावे लागते.

एवढे करून काम संपत नाही. पेटीतील पाण्याची रोज वाफ होते. परंतु वाफ होते ती केवळ पाण्याची, क्षार मागेच राहतात. समजा, आपली पेटी २० लिटरांची आहे आणि तीतले एक लिटर पाणी उडून गेले. लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले क्षार आता जवळजवळ ३७ ग्रॅम होतात. तेच एक लिटर २०० लिटरांच्या हौदातून उडाले असते, तर आकडा ३५.२ च्या आसपास राहिला असता. म्हणजे मोठ्या हौदात जो बदल प्राण्याला जाणवतही नाही, तोच छोट्या पेटीत त्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून उडालेले पाणी रोजच्या रोज भरून काढावे लागते आणि तेही गोड्या पाण्याने. खारे पाणी ओतीत राहिल्यास क्षार वाढतच जातात. उष्णतेचेही तसेच आहे. ठेंगू समुद्रघोड्याला साधारण २२ ते २५ अंश सेल्सियस तापमान मानवते. थोडे पाणी लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो आणि रोगजंतूंचा जोर वाढतो. नागपूरच्या किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात अशा पेटीची काय अवस्था होईल, ह्याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

तिसरी परीक्षा डोळ्यांना न दिसणारी आहे. मासा खातो, विष्ठा टाकतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. अमोनिया हे त्याला स्वतःलाच विष आहे. अथांग समुद्रात ते विरून जाते. पेटीत ते साठते. त्याची विल्हेवाट लावणारे जंतू निसर्गाने निर्माण केलेले आहेत. जंतूंचा एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट बनवितो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट बनवितो. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य, आणि अधूनमधून थोडे पाणी बदलून ते काढून टाकता येते. आम्हां सरकारी नोकरांना सुचणारी उपमा द्यावयाची तर, एक कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जातो आणि शेवटी निकाली निघतो. फरक इतकाच की, येथे एका मेजावरचा कारकून जरी गैरहजर असला तरी विलंबाची शिक्षा मृत्यूची असते! हे जंतू वाळूवर, दगडांवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात आणि ती वस्ती पुरेशी वाढण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत प्राणी सोडू नये, हा नियम. ज्या दिवशी पेटी विकत घ्यावयाची त्याच संध्याकाळी तीत मासे सोडावयाचे, हा आपल्या घरोघरचा रिवाज. असंख्य पाळीव मासे पहिल्याच महिन्यात दगावतात, त्याचे एक मोठे कारण ह्या उतावीळपणात आहे.

आता अन्नाकडे वळू. समुद्रघोड्याला जठर नाही. आपण दोन वेळा जेवतो आणि मधल्या काळात ते अन्न जठरात राहून पचते. समुद्रघोड्याच्या शरीरात अन्न साठवून ठेवण्याची ही कोठी नसल्यामुळे खाल्लेले अन्न आतड्यातून भराभर पुढे जाते. साहजिकच त्याला दिवसभर थोडेथोडे, पुन्हापुन्हा खावे लागते. शिवाय समुद्रातून धरून आणलेला समुद्रघोडा बहुधा हलत्या, जिवंत भक्ष्यालाच तोंड लावतो. कोरडे खाद्य पाण्यावर भुरभुरवून मोकळे व्हावे, ही सोय येथे नाही. समोर अन्न असतानाही तो उपाशी राहतो आणि उपासमारीने मरतो.

ठेंगू जातीसाठी ह्यावर एक उपाय सापडला. आर्टेमिया नावाचा, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला एक सूक्ष्म जीव अतिशय खाऱ्या सरोवरांत वाढतो. अमेरिकेच्या युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक ह्या सरोवरातून त्याची अंडी मोठ्या प्रमाणावर गोळा केली जातात. ही अंडी कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षे टिकतात आणि उबदार खाऱ्या पाण्यात टाकली की सुमारे एका दिवसात त्यांतून अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान पिले बाहेर पडतात. हीच ठेंगू समुद्रघोड्यांची शिदोरी. परंतु हे जीव जन्मतात ते स्वतःच्या पोटातील पिवळ्या बलकावर; काही तासांत तो संपला की त्यांचे पोषणमूल्य उतरते. म्हणून आजची पिले आजच खाऊ घालावी लागतात आणि उद्यासाठी दुसरी बाटली आजच लावून ठेवावी लागते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. सणवार, पाहुणे, आजारपण, बदली, प्रवास ह्यांपैकी कोणतीही सबब समुद्रघोड्याला मान्य नाही. मूर्ती लहान असली तरी मागणी फार मोठी आहे.

ह्या खाद्याबरोबर एक शत्रूही पेटीत शिरू शकतो. हायड्रॉइड नावाचे केसासारखे बारीक दंशक जीव दगडांवर आणि काचेवर उगवतात. खाद्य जितके मुबलक, तितकी त्यांची वाढ अधिक. मोठ्या माशाला त्यांचा उपद्रव होत नाही. ठेंगू समुद्रघोड्याला, आणि विशेषतः त्याच्या पिलांना, त्यांचा दंश घातक ठरतो. शेजारीही पारखून घ्यावे लागतात. चपळ मासे असतील तर सारे अन्न तेच फस्त करतात. खेकडे आणि समुद्रफुले असतील तर तीच समुद्रघोड्याला इजा करतात. तेव्हा त्याची पेटी त्याच्याच कुळापुरती राखणे उत्तम.

इतकी सेवा ज्याच्या हातून घडते, त्याला मात्र निसर्गातील एक अपूर्व सोहळा पाहावयास मिळतो. समुद्रघोड्यांत गर्भधारणा नराला होते. नर आणि मादी शेजारी शेजारी पोहतात, रंग बदलतात, एकमेकांभोवती फिरतात. आणि मग मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत घालते. त्या पिशवीत अंडी फलित होतात, त्यांना प्राणवायू आणि पोषण मिळते. ठेंगू जातीत साधारण दहा ते चौदा दिवसांनी नर कळा देऊ लागतो आणि पिशवीतून हुबेहूब आईबापांसारखी चिमुकली पिले बाहेर पडतात. त्या क्षणापासून ती स्वतंत्र असतात आणि भुकेलेलीही असतात! ठेंगू जातीची पिले जन्मतःच आर्टेमिया खाण्याइतकी मोठी असतात. म्हणूनच ही जात घरगुती पेटीत वाढविणे शक्य झाले. मोठ्या जातींपैकी अनेकांची पिले ह्याहून सूक्ष्म अन्न मागतात आणि त्यांचा सांभाळ करणे फार बिकट असते. आपल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत भारतीय किनाऱ्यावरील पिवळ्या समुद्रघोड्याच्या संवर्धनाचे प्रयोग झाले आहेत. त्यासाठी प्रयोगशाळेची साधने आणि शास्त्रज्ञांचे अहोरात्र लक्ष लागले, हे ध्यानी घेतले पाहिजे.

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या मनाईकडे येतो. भारताच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवर समुद्रघोडे आढळतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत पाल्कचा उपसागर आणि मन्नारचे आखात येथे समुद्रगवताची विस्तीर्ण कुरणे आहेत. एके काळी तेथे पाणबुडे बुडी मारून समुद्रघोडे वेचीत असत. ते वाळवून परदेशी पाठविले जात, कारण चिनी वैद्यकात त्यांना औषधी मानले जाते. काही जिवंत प्राणी शोभेच्या माशांच्या व्यापारातही जात. कॅनडातील संशोधिका अमांडा व्हिन्सेंट ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात ह्या जागतिक व्यापाराकडे प्रथम ठळकपणे लक्ष वेधले. पुढे २००१ साली भारत सरकारने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्रघोड्याचा समावेश केला. ही नोंद एखाद्या जातीची नसून त्याच्या सबंध कुळाची होती. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच ह्या बोटभर माशाला मिळाले. त्याला पकडणे, बाळगणे वा त्याचा व्यापार करणे ह्यांना तुरुंगवासाची शिक्षा आहे. आंतरराष्ट्रीय करारानेही २००४ सालापासून त्याच्या देशोदेशींच्या व्यापारावर नियंत्रण आले आहे.

एवढ्याशा माशासाठी एवढा कठोर कायदा कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर आपण आतापर्यंत पाहिलेल्या गोष्टींतच आहे. जो प्राणी मंद पोहतो, तो पळून जाऊ शकत नाही. जो एका कुरणाला धरून राहतो, तो तेथून उचलला की ती जागा भरून येण्यास फार काळ लागतो. अनेक जातींत नर व मादी एकाच जोडीदाराशी बांधलेली असतात. त्यांतील एक नेला की दुसऱ्याची वीणही खोळंबते. आणि एका पेटीतील प्राणी मेला की हौशी मनुष्य दुसरा आणू पाहतो. हा दुसरा समुद्रातूनच येतो. कायद्याने व्यापारावर बंदी आली तरी संकट पुरते टळलेले नाही. तळ खरवडीत जाणाऱ्या मासेमारीच्या जाळ्यांत समुद्रघोडे आजही अनवधानाने सापडतात आणि ज्या गवताला ते धरून राहतात, ते गवतही त्याच जाळ्यांनी उपटले जाते.

ह्या संदर्भात इंग्लंडमधील एक जुनी हकिकत बोलकी आहे. समुद्री प्राणी काचेच्या पेटीत ठेवण्याचा छंद तेथे लोकप्रिय केला तो फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गशास्त्रज्ञाने. १८५४ साली त्याने ह्या विषयावर पुस्तक लिहिले. त्याच्या लेखनाने मोहित झालेले शेकडो लोक किनाऱ्यावर लोटले आणि खडकांतील डबक्यांमधून प्राणी वेचून नेऊ लागले. पुढे १९०७ साली त्याचा पुत्र एडमंड गॉस ह्याने आपल्या पित्याच्या आठवणी लिहिल्या. ती सौंदर्याने भरलेली डबकी हौशी संग्राहकांनी कशी ओकीबोकी केली, हे त्याने त्यांत खेदपूर्वक नमूद केले आहे. ज्या पुस्तकांनी लोकांना समुद्रावर प्रेम करावयास शिकविले, त्यांचाच हा परिणाम होता. प्रेमाला ज्ञानाची आणि संयमाची जोड नसली म्हणजे काय होते, ह्याचा ह्याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण.

मग ज्याला ह्या प्राण्याचे आकर्षण आहे, त्याने करावे तरी काय? किनाऱ्यावरच्या दुकानांत वाळलेला समुद्रघोडा शोभेची वस्तू म्हणून कुणी पुढे केला, तर तो घेऊ नये. तेथे घेणाराही गुन्ह्याचा भागीदार होतो. कोळी बांधवांच्या जाळ्यात तो जिवंत सापडला, तर त्याला तत्काळ पाण्यात सोडण्यास सांगावे. आणि मासे पाळण्याची हौस असेल, तर घरच्या पेटीत गप्पीसारखे काटक, गोड्या पाण्यातील मासे ठेवावेत. अमोनियाची ती कहाणी, पाणी बदलण्याची ती शिस्त, घाई न करण्याचा तो धडा हे सारे तेथेही तसेच लागू आहे. घरातील मूल महिनाभर पेटीकडे नुसते पाहत राहिले आणि पाणी तयार झाल्यावरच तीत मासे सोडू लागले, तर निसर्गाच्या वेळापत्रकाशी आपले वेळापत्रक जुळवून घेण्याचे मोठे शिक्षण त्याला मिळेल. समुद्रघोडा मात्र त्याच्या गवताच्या पात्याला शेपटीचा विळखा घालून समुद्रातच असू द्यावा. तेथे त्याचे पाणी कुणाला बदलावे लागत नाही आणि त्याची न्याहारी कुणाला उबवावी लागत नाही. आपल्याकडून त्याला हवे आहे ते इतकेच की, ते गवत आणि ते पाणी आपण शाबूत ठेवावे.